निदान : नणंद

४ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेबांस,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस तर पत्र न फोडताच केराच्या टोपलीत टाकशील, म्हणून पत्ता टाइप करून घेतला आहे. घरी न पाठवता मुद्दाम हॉस्पिटलात पाठवते आहे. तिथे तुझी सेक्रेटरी पाकीट फोडून कागद तुझ्यासमोर ठेवील. समोर ठेवलेला कागद तू वाचतोस, एवढी तुझी सवय मला माहीत आहे.

माझा फोन तू उचलत नाहीस. तुझ्या बाबांच्या हृदयाच्या नळ्या अरुंद निघाल्या तेव्हा तू परीक्षेचं कारण सांगून आला नाहीस, आणि मी फोनवरच्या घरच्या ग्रुपवर, सगळ्या नातेवाइकांच्या देखत लिहिलं की डॉक्टर मुलगा वाढवण्यापेक्षा कुत्रा पाळला असता तर दारापर्यंत तरी आला असता. ते वाक्य मी मागे घेत नाही. चांगलं वाक्य आहे. पण आजचं काम वेगळं आहे. तेव्हा तू ते थोडा वेळ बाजूला ठेव, मीही ठेवते.

काम तुझ्या आईचं आहे.

रविवारी ती तुझ्याशी फोनवर बोलते आणि "मी अगदी मजेत" म्हणते. फोन ठेवला की खुर्चीतून उठत नाही. मी विचारलं तर म्हणते, "बसू द्या हो वन्सं, पोराचा आवाज अजून कानात आहे." आवाज कसला, दम लागलेला असतो. वरच्या मजल्यावरचं शिवणयंत्र तिने खाली आणून घेतलं. कारण काय, तर खाली उजेड चांगला. उजेड वर चांगला आहे. इतकी वर्षं तिथेच बसून तिने अर्ध्या गावाचे पडदे शिवले. जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसते आणि कुणी पाहिलं की कठडा पुसायला लागते. आमचा कठडा सध्या आरशासारखा चकाकतो आहे.

जबडा ओढतो म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेली. त्याने एक धडधाकट दाढ उपटली. दाढ गेली, दुखणं आहे तिथेच आहे. पाठीत, दोन खांद्यांच्या मधे, कुणीतरी ओला टॉवेल पिळतंय असं तिला वाटतं. मी म्हटलं, "वहिनी, छातीत दुखतं का?" तर म्हणाली, "दुखत नाही, जड होतं. पडद्याच्या कापडाचा गठ्ठा ठेवल्यासारखं. थांबलं की उतरतं." चाललं की येतं, थांबलं की जातं. हे मी तुला समजावून सांगू?

आता दादाचं आठव. तुझे बाबा भाजीची पिशवी घेऊन वर आले आणि म्हणाले, छातीत जळजळतंय. गोडबोल्या डॉक्टरने त्याच दिवशी त्यांना झोपवून हातातून वायर घातली आणि दोन स्टेंट बसवले. चांगलंच केलं, भाऊ वाचला, त्याबद्दल तक्रार नाही. पण नवरा-बायकोच्या रक्तातली चरबी सारखीच निघाली होती. त्याला गोळी सुरू झाली. तिला सांगितलं, "आहार सांभाळा, वजन बघा." माझ्या वहिनीचं वजन! वाऱ्याच्या दिवशी मी तिला एकटं बाहेर सोडत नाही.

मी वीज कंपनीच्या तक्रार विभागात आयुष्य घालवलं. बाईचा फोन आला की आमचा लाइनमन म्हणायचा, "मॅडम, आधी फ्यूज बघायला सांगा." पुरुषाचा आला की शिडी घेऊन निघायचा. तक्रार एकच असायची, "दिवे मिणमिणतात." म्हणून मला ही जात ओळखू येते.

मागणी एवढीच: तू गोडबोल्याला एक फोन कर. डॉक्टरने डॉक्टरला करावा तसा. "माझ्या आईची अँजिओग्राफी करा" एवढं म्हण. आत वायर घालून कुणीतरी एकदा बघावं, इतकंच मला हवं आहे. तू दिवसभर परक्या माणसांच्या नळ्या उघडत बसतोस.

उत्तराची वाट पाहते.

आत्या


२१ फेब्रुवारी

ठोंब्या,

तुझं उत्तर नाही. म्हणून मीच तिला घेऊन गेले.

गोडबोल्याकडे माशांची टाकी आहे आणि टेबलावर प्लास्टिकचं हृदय आहे, चुंबकाने उघडतं. तो ते हातात घेऊन खेळत बोलतो. आवाज साखरेत घोळलेला. तुझ्या आईने तिचे सगळ्यात चांगले कपडे घातले होते, केस नीट विंचरले होते.

"बोला ताई, काय होतंय?"

"विशेष काही नाही. थोडं थकायला होतं."

"विशेष काही नाही म्हणायला ही बाई सकाळपासून बाहेर ताटकळली आहे," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आपण?"

"मी हिची नणंद."

"एकत्रच राहता?"

"हो. मी लग्न केलं नाही. माझं घर तेच."

"अच्छा," तो म्हणाला. त्या 'अच्छा'मधे काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. एरवी मला लवकर कळतं.

मी सगळं सांगितलं. तक्रार कशी लिहून घ्यायची ते मला कुणी शिकवायला नको: कधी, कुठे, काय केल्यावर, किती वेळ. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर्सनी आम्हाला पूर्ण वाक्यात बोलायला शिकवलं होतं आणि मी पूर्ण वाक्यात बोलले. तो हसून म्हणाला, "पेशंटला बोलू द्या की!" तुझी आई म्हणाली, "हो, त्या म्हणतात तसंच." झालं तिचं बोलणं.

ईसीजी काढला, ठीक निघाला. ती त्या वेळी आडवी पडलेली होती. आडवं पडल्यावर तिला काहीच होत नाही, हेही मी सांगितलं होतं. मग चालत्या पट्ट्यावर चढवलं. थोडा वेळ चालली आणि दम संपला. कठडा धरून उभी राहिली. तोंडाचा रंग राखेसारखा. तिथली मुलगी पट्टा बंद करून म्हणाली, "आजी, घाबरलात का?" रिपोर्टात लिहिलं: पुरेसा वेग गाठता आला नाही, निष्कर्ष काढता येत नाही.

"म्हणजे वाईट काही दिसलं नाही," गोडबोल्या म्हणाला.

"चांगलंही दिसलं नाही."

"ताई, बायकांमधे तसाही या चाचणीवर फार भरवसा ठेवता येत नाही."

"मग केलीत कशाला? भरवसा ठेवता येईल ती करा."

"वायर घालण्यात जोखीम असते. बायकांच्या नळ्या बारीक, रक्त जास्त जायची भीती. उगाच कशाला?"

"बारीक असतात तर लवकर बुजतील."

तो मोकळेपणी हसला. "तुमचं वाचन दांडगं आहे हं!"

लक्षात ठेव, दादाचीही पट्ट्यावरची चाचणी अर्धवट राहिली होती. गुडघा दुखला म्हणून तो उतरला. तेव्हा हाच गोडबोल्या म्हणाला होता, "शंका राहायला नको, आत बघून घेऊ." तिच्या बाबतीत तीच शंका राहिली तर त्याला बरं वाटलं.

पित्ताची गोळी दिली आणि दुसरी एक लहानशी पांढरी. दादाला बोलावून समजावलं, "घाबरल्यासारखं झालं, धडधडलं, की ही अर्धी द्यायची. खिडकी उघडायची. हात धरून बसायचं, सावकाश श्वास घ्यायला सांगायचं. दहा मिनिटांत उतरतं." दादाने शाळेतल्या पोरासारखी मान डोलावली.

बाहेर आल्यावर तुझी आई म्हणते, "किती चांगलं बोलतात ना?" मी म्हटलं, "वहिनी, तो बोलायला नाही, बघायला बसलाय." ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही असं भांडलात की मलाच चोरट्यासारखं होतं."

रिपोर्टांचे फोटो सोबत पाठवते आहे. हे वाच आणि फोन कर. रागाव माझ्यावर, पण फोन त्याला कर.

आत्या


१२ मार्च

तुझं पत्र आलं. छापील, खाली सही. "रिपोर्ट पाहिले. ईसीजी नॉर्मल आहे. वय आणि एकूण चित्र पाहता हृदयविकाराची शक्यता कमी वाटते. तिथले डॉक्टर अनुभवी आहेत. कृपया आईला घाबरवू नकोस."

कृपया! तुझं नाक मी पुसलं आहे आणि तू मला कृपया म्हणतोस.

एकूण चित्र म्हणजे काय रे? चित्रात बाई आहे, एवढंच ना?

तुझ्या आईने पत्र माझ्या हातातून घेतलं, वाचलं, आणि तिचा चेहरा असा फुलला की मला पुढे बोलवेना. "काही नाही म्हणतोय ना तो? मग झालं!" तो कागद तिने शिवणयंत्राच्या खणात ठेवला आहे. त्यात 'आई' हा शब्द आहे म्हणून. इतकी वर्षं तू फोनवर 'हं, हं' करतोस, लिहून पाठवलेलं तिला हेच मिळालं.

पुढचं ऐक. परवा सकाळी दादा पावाला लोणी लावता लावता म्हणाला, "डॉक्टरांचा फोन होता. म्हणाले, गोळ्यांनी अर्धंच काम होईल. घरातला ताण कमी करा."

"कसला ताण?" मी विचारलं.

दादा लोणी लावत राहिला. पावावर आता जागा उरली नव्हती.

"त्यांनी विचारलं, घरात कोण कोण असतं. मग म्हणाले, मी कुणाला दोष देत नाही, पण त्या दिवशी पेशंटला बोलूच देत नव्हत्या..."

तुझ्या आईला आधी कळलं. ती हसायला लागली. "अगंबाई! म्हणजे मला वन्सं झाल्यात? दाढ उगाच काढली की!" हसता हसता तिला दम लागला, टेबल धरलं, डोळ्यांत पाणी आलं तरी हसतेच आहे. दादा लगेच उठला, पांढरी गोळी अर्धी केली, खिडकी उघडली. दोघं हात धरून बसली आणि मी आपली चहाचा कप घेऊन उभी, रोग म्हणून.

माझी ही जीभ लहानपणापासून तशीच आहे. सिस्टर्स थकल्या, वडील थकले, ऑफिसात तीन साहेब थकले. वहिनी थकली नाही. ती या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तिने शिवलेल्या पडद्याला नावं ठेवली, तर म्हणाली, "वन्सं, तुमचा पडदा तुम्ही शिवा, मी तुमच्या शिवणीला नावं ठेवते, म्हणजे फिटंफाट." तेव्हापासून आमची फिटंफाट चालू आहे. ताण म्हणे!

संध्याकाळी दादा माझ्या खोलीच्या दारात आला. आत आला नाही. "थोडे दिवस कुठे राहून बघतेस का? फरक पडतो का ते कळेल."

"मी काय मीठ आहे, बंद करून बघायला?"

तो म्हणाला, "मला काहीतरी करायचंय गं. डॉक्टर दुसरं काही सांगतच नाहीत."

यावर उत्तर काय द्यायचं? तुला सुचतं का बघ.


२ एप्रिल

ठोंब्या,

पत्ता बदलला आहे, पाकिटामागे दिला आहे. चष्म्याच्या दुकानावरची खोली. खिडकीखाली दुकानाची पाटी, तिच्यावरचे दोन मोठे डोळे रस्त्याकडे बघत असतात. एक खाट, एक टेबल, चहापुरती शेगडी. शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहतो, भिंतीला कान लावून रेडिओ ऐकतो, स्वतःचा नाही, माझा.

मी का गेले ते तुला वाटेल की रुसून. रुसणं मला जमत नाही, त्याला गप्प बसावं लागतं. मी गेले, कारण एका दुपारी जिन्याखाली उभी राहून मी तिला वर जाताना पाहत होते आणि डोक्यात आलं: खरंच असेल तर? गोडबोल्या म्हणतो, तू म्हणतोस, दादा म्हणतो. इतके शिकलेले पुरुष एका सुरात बोलतात आणि मी एकटी वेगळं म्हणते. खरंच माझ्या आवाजानेच तिच्या छातीवर गठ्ठा चढत असेल तर? आयुष्यभर स्वतःची खात्री बाळगलेल्या बाईला साठीनंतर असं वाटायला लागलं की ती कुठे जाणार? चष्म्याच्या दुकानावर.

बॅग भरताना तुझी आई दारात उभी होती. "त्यांचं समाधान होऊ दे. आठ-पंधरा दिवस. मग मी म्हणते, फरक नाही पडला, परत या."

फोन केला की म्हणते, बरं आहे. दादा म्हणतो, "खरंच बरं आहे हं, कुरकुर अगदी बंद." अरे, कुरकुर कुणाकडे करणार? ऐकणारी मी होते.

काल ती आली. न सांगता. जिन्यावर पावलं ऐकू आली, थांबली, पुन्हा आली, पुन्हा थांबली. मला वाटलं पोस्टमन. दार उघडलं तर ही, भिंतीला टेकून, ओठ निळसर, आणि हातात माझ्यासाठी शिवलेला पडदा.

"त्या पाटीवरचे डोळे रात्री आत बघत असतील," ती म्हणाली. बोलायला दम नव्हता तरी हे बोलली.

मी तिला खाटेवर बसवलं. पाणी दिलं. तिने पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "वन्सं, मला बरं नाही."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. 'थोडं' नाही, 'विशेष काही' नाही.

"दादाला सांगितलंस?"

"त्यांना नको. ते घाबरतात. त्यांच्या हृदयाला त्रास होईल."

मी कपाळावर हात मारला. ती हसली. मग आम्ही ठरवलं. पलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात एक हृदयाच्या डॉक्टरीणबाई आहेत. मी फोन लावला, सगळं सांगितलं, यावेळी हळू आवाजात, गोड, मधे मधे 'प्लीज' घालून. तिथली मुलगी म्हणाली, जवळची वेळ द्यायची तर डॉक्टरांची चिठ्ठी लागते, नाहीतर महिनाअखेर. गोडबोल्या चिठ्ठी देणार नाही. तू देऊ शकतोस. हृदयाचा डॉक्टर कुठलाही चालतो, तिने सांगितलं, मी दोनदा विचारून घेतलं.

एक कागद. तुझ्या नावाचा, तुझ्या पदवीचा. "तपासणी तातडीने व्हावी." यावेळी फोनही मागत नाही. मला नको पाठवूस, थेट हॉस्पिटलला पाठव. तू माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, मी विनंतीने लिहून देते.

तिला खाली उतरवून टॅक्सीत बसवलं. काच खाली करून म्हणते, "पडदा लावा हं. नुसती नावं ठेवत बसू नका."

आत्या


१९ एप्रिल

तुला दादाचा फोन आला आहे, तू विमानात असशील. हे पत्र तुझ्या मागून पोचेल. तरी लिहिते. मला दुसरं काही करता येत नाही.

सकाळची वेळ होती. ती यंत्रावर बसली होती. दादाला हाक मारली, म्हणाली, पाठ फार पिळते आहे, आणि घाम सुटला आहे. दादाने अर्धी गोळी दिली. खिडकी उघडली. हात धरून बसला. "सावकाश श्वास घे," म्हणाला. तिने घेतला. त्याला जे शिकवलं होतं ते त्याने एकही गोष्ट न चुकता केलं. दहा मिनिटांनी उतरलं नाही तेव्हा उरलेली अर्धी दिली.

मग मला फोन केला. "हिचं आज उतरत नाही." मी त्याच्यावर ओरडले, हॉस्पिटलची गाडी बोलाव. मी पोचले तेव्हा गाडी दारात होती.

गाडीतली दोन माणसं धावत आत आली. एकाने विचारलं, "हृदयाचा पेशंट कोण?"

दादाने हात वर केला. "मी," तो म्हणाला.

आणि ती दोघं त्याच्याकडे वळली, रे. क्षणभरच. पण वळली. तुझी आई खुर्चीत बसलेली होती, मान एका बाजूला, समोरच, आणि ती माणसं त्याच्याकडे वळली.

हॉस्पिटलात शेवटी आत वायर घालून बघितलं. डॉक्टरीणबाईंनीच. बाहेर येऊन म्हणाल्या, मुख्य नळी जवळजवळ बंद होती, बाकीच्या लांबच लांब अरुंद. "बऱ्याच दिवसांपासूनचं आहे. आधी कुणी पाहिलं नाही का?" त्या चांगल्या आहेत. त्यांना उत्तर हवं होतं. दुपारी ती गेली.

तुझी चिठ्ठी तिथे आली होती का, हे मी विचारलं नाही. मला कळायला नको आहे.


३ जून

तू परत गेल्यापासून तुझे फोन येतात. मी उचलत नाही. तुला वाटेल, बदला घेते. तसं नाही. उचलून तुझ्याशी काय बोलायचं ते मला ठाऊक नाही, आणि तुला माहीत आहे, असं माझं कधी होत नाही.

तू इथे होतास तेव्हा तिच्या खुर्चीत बसून सगळे रिपोर्ट पुन्हा पाहिलेस, खिडकीच्या उजेडात धरून. मग म्हणालास, "आत्या, मी ते नीट पाहिले होते. शपथ." मला खरं वाटतं. तू नीट पाहिले होतेस. गोडबोल्यानेही नीट पाहिले होते. कुणी चुकलं असतं तर मी त्याचं नाव घेऊन ओरडले असते. मला तेवढं तरी येतं. इथे मी कुणावर ओरडू? सगळ्यांनी आपापल्या पुस्तकात होतं तसं केलं आणि तुझी आई त्या पुस्तकात नव्हती.

गोडबोल्या भेटायला आला होता. हात जोडले, "फार दुर्मीळ," म्हणाला. दादाने त्याला चहा दिला. मी स्वयंपाकघरात उभी राहून भांडी घासली, घासलेलीच.

मी पुन्हा घरी राहायला आले आहे. आता ताण चालतो.

लिहायचं कारण तुझे बाबा. काळजी करू नकोस, ते ठीक आहेत, म्हणून सावकाश लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात दादा जेवता जेवता थांबला. म्हणाला, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय. मी त्याच्याकडे पाहिलं. समोर तिची खुर्ची. रोज त्या वेळी त्याला तसंच वाटतं. रोज घास अडकतो, रोज तो पाणी पितो आणि उठतो. मला तर बघताक्षणी कळलं काय आहे ते. कुणालाही कळलं असतं. पण मी कोण म्हणणारी, मनाचं आहे म्हणून? ते म्हणणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. मी गाडी बोलावली.

गोडबोल्याने त्याला एक प्रश्न विचारला. "पूर्वीसारखंच वाटतंय?" दादा म्हणाला, "सांगता येत नाही." बस्स. घरात कोण कोण असतं, विचारलं नाही. बायको जाऊन दीड महिना झाला आहे, हे त्याला माहीत होतं, तरी त्याचं नावही काढलं नाही. "शंका राहायला नको," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला आत नेलं.

मी बाहेर बाकावर बसले होते. तासाभरात गोडबोल्या आला, टोपी काढत, हसत.

"ताई, निश्चिंत राहा. दोन्ही स्टेंट उत्तम उघडे आहेत, बाकीच्या नळ्याही छान. काही निघालं नाही." मग माझ्या शेजारी बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, "मनावर ओझं आहे हो त्यांच्या. असं होतं कधी कधी."

मनाचं आहे हे सांगायला त्याने आधी आत वायर घालून पाहिलं होतं.

तुला वाटत असेल, आत्याने आता त्याला सोडलं नसेल. वाक्यं तयार होती, ठोंब्या. दीड महिना तयार करत होते. काही तर फारच चांगली होती. त्याने प्रेमाने माझ्या हातावर थोपटलं आणि मी "थँक यू, डॉक्टर" म्हटलं. सिस्टर्सनी शिकवलेलं तेवढंच तोंडातून निघालं.

दादाला बाहेरच्या खोलीत आणून ठेवलं होतं. औषधाची गुंगी होती. डोळे अर्धे उघडे, हाताला पट्टी. मला पाहून म्हणाला, "काय निघालं?"

"काही नाही. सगळं छान आहे."

त्याने असा श्वास सोडला की पांघरूण हललं. मग म्हणाला, "तिला फोन कर. जेवायची थांबली असेल."

मी त्याचं पांघरूण सारखं केलं. "कर ना," तो म्हणाला. "सांग, काही निघालं नाही म्हणून."

मी पर्समधून फोन काढला आणि बाहेर गेले. त्या खोलीला काचेचं दार आहे आणि तो मान वळवून माझ्याकडे बघत होता. म्हणून मी फोन कानाला लावला, आणि त्याला दिसेल असे ओठ हलवले.

आत्या